सुजलेला उजवा हात: सत्तरी तालुक्यातल्या एका पाडेल्याचं प्रकरण

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माझा छोटा दवाखाना आहे. इथे लिहितोय ती गोष्ट एका तरुणाच्या हाताची आहे. त्याची आणि त्याच्या आईची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायचं कारण एवढंच की या हातात रक्ताची गुठळी होती आणि ती मला पहिल्या भेटीत दिसली नाही. दिसायला हवी होती.

पार्श्वभूमी

वय २८, वजन ६२ किलो, अंगानं काटक. सिगारेट नाही, मधुमेह नाही, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्याचं ऐकिवात नाही. काम पाडेल्याचं. नारळ उतरवतो, सुपारी पाडतो आणि पावसाआधी कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, फवारणी करतो. पोफळीला कोळेरोग लागला की कोवळी सुपारी कुजून गळते, म्हणून मे संपता संपता बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक मारतात. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना.

हे काम जवळून पाहिलं नसेल तर हाताचं काय होतं ते लक्षात येत नाही. पायात दोरीचं कडं अडकवून माणूस शेंड्यापर्यंत चढतो. डाव्या हातानं झाड कवटाळतो आणि उजव्या हातानं फवाऱ्याची नळी डोक्याच्या वर धरून घोसांवर मारतो. एक झाड झालं की शेंडा झुलवून शेजारची पोफळ पकडायची, ती पकडतानाही तोच उजवा हात ताणला जातो. त्या वर्षी ढग लवकर जमले. मालकांची घाई होती, यानं सलग आठ दिवस फवारणी केली. उकाडा भयंकर, पाणी पिणं कमी.

हाताचं रक्त परत नेणारी मोठी शीर खांद्याकडून छातीत शिरते तेव्हा कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या फटीतून जाते. काही माणसांत ही फट जन्मतः अरुंद असते, काहींत तिथले स्नायू कामानं जाड होतात. हात वर गेला की फट आणखी आवळते. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि एखाद्या जोरकस कामानंतर तिथे रक्त गोठतं. पॅजेटनं १८७५ मध्ये आणि श्रोटरनं १८८४ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला पॅजेट-श्रोटर सिंड्रोम म्हणतात. पाय सोडून हाताच्या खोल शिरेत गुठळी होणं तसं कमी, खोल शिरांच्या एकूण गुठळ्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के. त्यातल्याही बहुतेक सलाइनच्या लांब नळ्या, पेसमेकरच्या तारा किंवा कर्करोग यांमुळे होतात. धडधाकट कष्टकरी तरुणाला होते ती ही, कष्टाची गुठळी.

पहिले चार दिवस

नवव्या दिवशी सकाळी हात जड वाटला. आंघोळीच्या वेळी बनियन काढताना बाही दंडाला घट्ट बसली होती. आई म्हणाली, "शीर चढली असेल, तेल लाव." दुसऱ्या दिवशी गावातल्या मालिश करणाऱ्याकडे गेला. त्यानं खोबरेल तेल लावून दंड चांगला अर्धा तास रगडला. त्यानं दुखणं वाढलं, पण "मुरलेला वारा बाहेर पडतोय" असं सांगितल्यावर दोघांचंही समाधान झालं.

मालिश करणाऱ्याला मी दोष देत नाही. हात जड झाल्यापासून चौथ्या दिवशी माझ्याकडे आला तेव्हा मीही त्याहून फार वेगळं काही केलं नाही.

पहिली भेट

दवाखान्यात त्या दिवशी तापाच्या रुग्णांची रांग होती. तो अर्ध्या बाहीचा शर्ट घालून आला. मी बाही वर सारून दंड पाहिला, खांदा फिरवून पाहिला, "किती झाडं मारलीस?" विचारलं. सलग आठ दिवस म्हणाल्यावर स्नायू दुखावलाय असं मनाशी ठरवून टाकलं. दुखण्याची गोळी, लावायला मलम, हात गळ्यात अडकवायला पट्टी.

शर्ट काढायला सांगितलं नाही. दोन्ही दंडांना टेप लावली नाही. हात खाली सोडल्यावर रंग बदलतो का ते पाहिलं नाही. या तिन्ही गोष्टींना मिळून दोन मिनिटं लागतात.

स्नायू दुखावला तर दुखणं एका जागी असतं, दाबलं की कळ येते, हालचालीनं वाढतं. याचा सगळाच हात, पंजासकट, फुगला होता. पंजा सुजलेला मी पाहिला होता, पण पट्टीमुळे उतरेल असं मानून पुढच्या रुग्णाकडे वळलो.

सातवा दिवस

तीन दिवसांनी आई त्याला घेऊन आली. "डॉक्टर, हात काळानिळा पडतोय. गोळीनं काहीच उतरलं नाही." या वेळी शर्ट काढायला लावला.

उजव्या खांद्यावर, कॉलरबोनच्या खाली आणि छातीच्या वरच्या भागावर निळसर शिरांची जाळी उठली होती. डाव्या बाजूला त्यातलं काही नाही. मुख्य रस्ता बंद झाला की रक्त गल्लीबोळांतून वाट काढतं, तेच कातडीखाली दिसत होतं. कोपरापासून सारख्याच अंतरावर टेप लावली, उजवा दंड डाव्यापेक्षा साडेतीन सेंटीमीटर जाड. उजव्या हातानं काम करणाऱ्याचा दंड थोडा जाड असतोच, पण इतका नाही. मनगटाची नाडी नीट लागत होती, म्हणजे हाताकडे रक्त येत होतं, अडत होतं ते परतताना.

मग विचारलं, धाप लागते का? "पायऱ्या चढताना लागते थोडी. उकाड्यानं असेल." नाडी १०४, ऑक्सिजन ९५. तापही नव्हता.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण लोक दोन्ही एकच समजतात. सलाइनची सुई लावल्यावर हाताच्या वरवरच्या शिरेत दोरीसारखी कडक, लाल, दुखरी रेघ उठते. तिथली गुठळी वरवरच्या शिरेत असते आणि बहुधा सुई काढणं, शेक आणि मलम यांनी बरी होते. ती वर दंडाकडे सरकत गेली, किंवा अख्खा हात फुगला, तर मात्र खोल शिरेची तपासणी लागते. याच्या हातावर अशी रेघ कुठेच नव्हती.

निर्णय पहिला: थांबायचं की औषध सुरू करायचं

त्याच दुपारी डॉपलर सोनोग्राफीला पाठवलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाजात सुटकारा होता. "डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आहे."

मी रिपोर्टचा फोटो मागवला. निष्कर्षाच्या ओळीत खरंच लिहिलं होतं की दंडाच्या आणि काखेच्या शिरांत गुठळी नाही. पण वरच्या मजकुरात दोन वाक्यं होती. एक, कॉलरबोनच्या मागचा भाग नीट दिसला नाही. दोन, काखेतल्या शिरेचा प्रवाह श्वासाबरोबर कमीजास्त होत नाही.

सोनोग्राफी करणारा यंत्राच्या मुठीनं शीर दाबून पाहतो. रिकामी शीर चपटी होते, गुठळी असेल तर होत नाही. पण कॉलरबोनच्या मागे हाड आडवं येतं, दाबता येत नाही. म्हणून तिथे प्रवाहाच्या चालीवरून अंदाज घेतात. निरोगी शिरेतला प्रवाह श्वासाच्या लाटेवर हलतो. ती लाट हरवून तो एकसुरी झाला असेल, तर पुढे छातीकडे काहीतरी अडलं आहे. म्हणजे त्या रिपोर्टनं गुठळी कुठे असावी तेच सांगितलं होतं, फक्त शेवटच्या ओळीत नाही.

डी-डायमर, म्हणजे गुठळीचा माग काढणारी रक्ताची तपासणी, करावी का, असा विचार आला होता. केली नाही. शंका कमी असते तेव्हा ती तपासणी कामाची. इथे शंका इतकी दाट होती की तिचा आकडा कमी आला असता तरी मी गप्प बसलो नसतो.

त्याला परत बोलावलं. पोटात व्रण, काळा शौच, डोक्याला मार, आधीचं ऑपरेशन, रक्तस्रावाचा काही इतिहास, सगळं विचारलं. नाही म्हणाला. रक्त तपासणीला घेतलं, दुखण्याची गोळी बंद केली, कारण रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत ती पोटातून रक्तस्राव घडवू शकते. आणि रक्त पातळ करणाऱ्या एनॉक्सापॅरिनचं ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली दिलं. हा डोस वजनावर ठरतो, किलोला १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. इतकी दाट शंका असताना आणि रक्तस्रावाचा धोका कमी असताना पुढच्या तपासणीची वाट पाहत औषध रोखू नये. हे पाठ होतं, तरी सुई भरताना हात क्षणभर थांबला, कारण छापील निष्कर्ष माझ्या विरोधात होता.

घरी पाठवायचं नाही, हे धापेमुळे ठरलं. १०८ ला फोन केला. पाऊस सुरू झाला होता, रस्त्यात एके ठिकाणी झाड पडलं होतं, मोठ्या रुग्णालयात पोचायला दोन तास लागले.

तिथे काय सापडलं

सीटी स्कॅनमध्ये कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या शिरेत गुठळी दिसली, लांबी तीन-चार सेंटीमीटर. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या एका फांदीतही छोटी गुठळी होती. हृदयाचा उजवा भाग ताणलेला नव्हता, रक्तदाब ठीक होता. हातातली गुठळी फुप्फुसाकडे जाण्याचं प्रमाण पायातल्यापेक्षा कमी, पण ते घडतं, आणि इथे घडलं होतं. मालिशमुळे सुटली का? सांगता येत नाही. गुठळीची शंका असलेला हात कुणी रगडू नये, एवढं मात्र नक्की.

निर्णय दुसरा: विरघळवायची की नुसती रोखायची

आठव्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी आई आणि मुलासमोर पर्याय ठेवले. मीही फोनवर होतो.

पहिला पर्याय नुसत्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा, कमीत कमी तीन महिने. ही औषधं गुठळी विरघळवत नाहीत. ती वाढू देत नाहीत, बाकीचं काम शरीर हळूहळू करतं. हाताच्या गुठळीसाठी अमेरिकेतल्या छातीविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाचा सर्वसाधारण कल याच बाजूला आहे, आणि बहुतेक रुग्णांना ते पुरतं. धोका कमी, खर्च कमी. पण शीर बंदच राहिली तर काम केलं की हात जड होणं, सूज, ठणका हे कायमचं मागे लागू शकतं. टेबलावर बसून काम करणारा ते सोसतो. पाडेली कसं सोसेल?

दुसरा पर्याय, दंडाच्या शिरेतून बारीक नळी थेट गुठळीत नेऊन विरघळवणारं औषध थेंबाथेंबानं सोडणं. याची घडी ठरलेली असते. लक्षणं सुरू होऊन १४ दिवसांच्या आत असेल, माणूस तरुण आणि निरोगी असेल, त्रास जास्त असेल, रक्तस्रावाचा धोका कमी असेल, तर फायदा जास्त. गुठळी जुनी झाली की ती शिरेच्या भिंतीला चिकटून तंतूमय होते आणि औषधाला दाद देत नाही. याचा धोका म्हणजे रक्तस्राव, क्वचित मेंदूतही.

आईनं विचारलं, "तुमचा मुलगा असता तर काय केलं असतंत?" हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरला कुणीतरी विचारतं आणि त्यामागे लपता येत नाही. मी म्हणालो, हातावर पोट असेल आणि दिवस आठवा असेल तर विरघळवा. मुलानं मान हलवली. सह्या त्यानंच केल्या.

काय केलं

नळी घातली आणि औषध रात्रभर चाललं. दर काही तासांनी हिरड्या, लघवी, नळीची जागा, शुद्ध तपासत होते, रक्तात प्लेटलेट आणि रक्त गोठवणारं फायब्रिनोजन पाहत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी रंगद्रव्य सोडून चित्र घेतलं. हात अंगालगत असताना शीर मोकळी होती, आत थोडी खरबरीत कड उरली होती. मग यंत्र चालवणाऱ्यानं त्याला हात डोक्यावर न्यायला सांगितलं. पडद्यावरची काळी रेघ बरगडीपाशी चिमटीत धरल्यासारखी तुटली. त्यानं हात खाली घेतला, रेघ परत जुळली. त्यानं स्वतः ते पाहिलं.

तिथे स्टेंट बसवून टाका, असं एका नातेवाइकाचं म्हणणं होतं. बसवला नाही, आणि ते बरोबर होतं. दोन हाडांच्या फटीत स्टेंट चेमटतो, मोडतो आणि मग ती शीर कायमची जाऊ शकते. आधी फट मोकळी करायची, स्टेंटचा विचार त्यानंतर, तोही गरज असली तर.

घरी जाताना रिव्हॅरोक्सॅबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी दिली. १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा २१ दिवस, मग २० मिलिग्रॅम एकदा. वॉरफरिन हे जुनं औषध स्वस्त आहे, पण रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आयएनआरचा आकडा २ ते ३ मध्ये राखायला वरचेवर तपासणी लागते, आणि पावसात त्याच्या वाड्यावरून येणं-जाणं हेच मोठं काम. घरी गेल्यावर चौथ्या दिवशी कळलं की तो सकाळची गोळी काळ्या चहासोबत घेतोय, नाष्टा नंतर दोन तासांनी. या ताकदीच्या गोळ्या जेवणासोबतच घ्याव्या लागतात, नाहीतर नीट शोषल्या जात नाहीत. आम्ही ते चिठ्ठीवर लिहिलं होतं, सांगितलं नव्हतं. मग आईला सांगितलं: भाकरी पुढ्यात आली की गोळी. २२व्या दिवशीचा बदल मी गोळ्यांच्या पाकिटावरच मोठ्या अक्षरांत तारखेसह लिहून दिला.

हातावर घालायचा घट्ट मोजा दिला होता. उकाड्यात पंधरा दिवसांत सोडला, मी आग्रह धरला नाही.

आणि चढणं बंद. खरं कारण त्याला पटवायला वेळ लागला. हाताला त्रास होईल म्हणून थांबायचं असं तो समजत होता. पण रक्त पातळ करणारं औषध चालू असताना पन्नास फुटांवरून घसरलं, किंवा कोयता लागला, किंवा नुसतं डोकं आपटलं, तरी रक्त थांबवणं अवघड होतं. पुढचा सगळा पावसाळा तो बिनकमाईचा होता. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, घरचं कार्ड मुदत संपलेलं निघालं. ते नूतन करायला त्याच्या भावानं तीन फेऱ्या मारल्या.

निर्णय तिसरा: बरगडी

शिरेला बसणारा हा चिमटा काढायचा तर पहिली बरगडी काढावी लागते. आईनं ऐकलं आणि सरळ नाही म्हणाली. "शिरेचं दुखणं, आणि हाड काढायचं?" तिच्या जागी असतो तर मलाही ते तसंच वाटलं असतं.

यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. काही गुठळी विरघळल्याबरोबर त्याच मुक्कामात ऑपरेशन करतात, काही काही आठवडे ते तीन महिने थांबतात, काही लक्षणं परत आली तरच करतात. छातीत हवा भरणं, हाताच्या नसांना इजा, रक्तस्राव, हे धोके खरे आहेत. आम्ही थांबलो.

सहाव्या आठवड्यात घराचं कौल गळत होतं. तो शिडीवर चढला, हात वर करून दहा मिनिटं कौलं सारखी करत राहिला. खाली उतरला तेव्हा उजवा हात मनगटापासून दंडापर्यंत जांभळट आणि टणक झाला होता. आई अंगणातच उभी होती. डॉपलरमध्ये नवी गुठळी नव्हती. अर्ध्या तासात रंग परत आला. पण त्या संध्याकाळी आईचा फोन आला आणि तिनंच विचारलं, ऑपरेशन कुठे होतं.

ते राज्याबाहेर झालं, गणेश चतुर्थी उरकल्यावर. आधी औषध ठरल्याप्रमाणे थांबवलं, नंतर परत सुरू केलं. काखेखालून बरगडी काढली, शिरेभोवतीचे चिवट पट्टे सोडवले. चार दिवसांत घरी. छातीत थोडी हवा भरली होती, ती आपोआप शोषली गेली. काखेच्या आतल्या बाजूला बधिरपणा महिनाभर राहिला.

परिणाम

ऑपरेशननंतर आणखी तीन महिने औषध घेतलं आणि डॉपलर पाहून थांबवलं. हात वर नेला तरी प्रवाह चालू राहत होता, श्वासाची लाट परत आली होती. फुप्फुसाची धाप पहिल्या महिन्यातच गेली होती. दंडातला फरक आता एक सेंटीमीटर आहे आणि दिवसभर काम केलं की संध्याकाळी हात किंचित जड होतो. सर्जननं सहा महिन्यांनी चढायला परवानगी दिली. पुढच्या हंगामात तो बुटक्या नारळांपासून सुरू झाला, दिवसाला निम्मी झाडं घेतो आणि फवारणी आता भाऊ करतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीत शर्ट काढायला लावला असता तर तीन दिवस वाचले असते. १४ दिवसांतले तीन. फुप्फुसातली गुठळीही कदाचित टळली असती, पण त्याची खात्री मी देऊ शकत नाही. आता दवाखान्यात टेप माझ्या टेबलाच्या खणात नसते, स्टेथोस्कोपच्या खुंटीला टांगलेली असते.

सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर मी फक्त 'उजव्या हाताचा डॉपलर' लिहिलं होतं. 'वर हात करून काम, कॉलरबोनमागे गुठळीची शंका' असं लिहिलं असतं तर तपासणाऱ्यानं तिथे जास्त वेळ दिला असता आणि निष्कर्षही वेगळा लिहिला असता. त्या चुकीत माझा वाटा आहे.

चढणं बंद ठेवायचं होतं, पण हात वर करून घरचं कामही नको हे मी सांगितलं नव्हतं. कौलांचा प्रसंग त्यामुळे घडला. बरगडीसाठी सुरुवातीला थांबलो ते चूक होतं का, याचं उत्तर माझ्याकडे अजून ठाम नाही. पहिल्याच मुक्कामात केलं असतं तर मधले काही महिने वाचले असते. पण आईच्या संमतीशिवाय त्या घरात ते झालं नसतं, आणि दबाव आणून करून घेणं मला मान्य नव्हतं.

या प्रकरणानंतर काही महिन्यांनी कर्करोगाची एक बाई आली, केमोची लांब नळी दंडात आणि हात सुजलेला. घरच्यांना नळी लगेच काढून हवी होती. इथे विचार वेगळा असतो. नळी नीट चालत असेल, जागेवर असेल, जंतुसंसर्ग नसेल आणि पुढच्या उपचाराला लागणार असेल, तर ती ठेवून रक्त पातळ करणारं औषध देतात, नळी असेपर्यंत आणि एकूण किमान तीन महिने. तिची नळी राहिली, केमो पुरी झाली. तिलाही पहिल्या भेटीतच झगा उतरवायला लावला होता, म्हणून खांद्यावरच्या शिरा वेळेवर दिसल्या.

पाडेल्याच्या बाबतीत एक प्रश्न अजून उघडा आहे. ही अरुंद फट कित्येकदा दोन्ही बाजूंना असते. मार्चमध्ये त्याचा डावा हात वर करायला लावून डॉपलर केला. डावी शीरही चिमटते, उजवीइतकी नाही, पण चिमटते. तिला आजवर काहीही झालेलं नाही, आणि काही झालं नसताना बरगडी काढावी असं आम्हा कुणालाच वाटत नाही. दर तीन महिन्यांनी तो येतो, न सांगता शर्ट काढतो, मी दोन्ही दंडांना टेप लावतो आणि डाव्याचा आकडा त्याच्या वहीत तारखेसमोर लिहून देतो.